पितळी ट्रेचे दोन टोले

गार्डची आणि आक्काची पहिली भेट झाली, त्या क्षणी जंक्शनच्या छपरावरची झाडून सगळी कबुतरं उडाली आणि तीन दिवस परत आली नाहीत. पाण्याच्या टाकीला रंग देणारा रंगारी शिडीला हात न लावता खाली आला. प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या स्टेशनमास्तरांची कवळी चहाच्या कपात पडली, आणि त्यांच्या टेबलावरचं चार वर्षं बंद असलेलं घड्याळ सुरू झालं. हे सगळं गार्ड स्वतः सांगे. खरं म्हणजे त्याला यातलं काहीही दिसलं असणं शक्य नव्हतं, कारण तेव्हा तो प्लॅटफॉर्मवर उताणा पडला होता आणि कपाळातून निघालेलं रक्त त्याच्या दोन्ही डोळ्यांत उतरलं होतं.

झालं होतं ते असं. गार्ड तेव्हा चोवीस वर्षांचा, नोकरीचा पहिला दिवस. कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश, गळ्यात शिट्टी, काखेत लाल झेंडी, हातात हिरवी. गाडीला सात मिनिटं उशीर झाला होता, आणि तो का, तर डायनिंग कारमध्ये उकळतं पाणी भरणं चाललं होतं. नव्या गार्डनं रुबाबात डायनिंग कारच्या दारात पाय ठेवला आणि म्हटलं, "किती वेळ? आता मी झेंडी दाखवतोय."

आत एकवीस वर्षांची एक मुलगी पातेल्यातलं पाणी बंबात ओतत होती. तिनं पातेलं खाली ठेवलं, हात पुसले आणि भिंतीवरचा पितळी ट्रे काढला.

"दाखवा बरं," ती म्हणाली.

गार्ड भोळा. त्यानं खरंच झेंडी वर केली.

ठण्ण! ठण्ण!

माणूस पडला, पण हात मात्र पडला नाही. तो उताणा आणि त्याचा झेंडीवाला हात ताठ वर, अशी ती मूर्ती प्लॅटफॉर्मवर स्थापन झाली. इंजिनातून मागं बघणाऱ्या ड्रायव्हरला फक्त हिरवं दिसलं. त्यानं गाडी सोडली. आपल्याच गाडीच्या मागं रक्तबंबाळ होऊन धावणारा गार्ड लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्याची कॉलर धरून त्याला आत ओढून घेतलं तेही त्या मुलीनंच.

"मागच्या गार्डनं अशीच घाई केली," त्याच्या कपाळावर बर्फ दाबत ती म्हणाली, "आणि माझ्या बापाचा हात शिजला."

"शिजला म्हणजे?"

"शिजला म्हणजे शिजला. बाबा, दाखवा हो यांना."

कोपऱ्यात डाव्या हातानं कांदा चिरणाऱ्या म्हाताऱ्या आचाऱ्यानं उजवा हात वर केला. कोपरापासून खाली तो हात मेणबत्तीसारखा गुळगुळीत होता आणि त्याची तीन बोटं एकमेकांना कायमची चिकटली होती. "नवीन का तुम्ही?" आचाऱ्यानं प्रेमानं विचारलं.

त्या दिवसापासून गाडीला एक रीत पडली. ती नियमांच्या पुस्तकात नव्हती. डायनिंग कार गार्डच्या डब्याला लागून असे. जंक्शनवर पाणी भरून झालं, पातेलं खाली ठेवलं गेलं, की आक्का दाराच्या लोखंडी दांड्यावर ट्रेचे दोन टोले मारी, आणि मगच गार्ड झेंडी दाखवी. दोन टोले म्हणजे निघा. तीन म्हणजे थांबा, कोणीतरी भाजलंय. गार्डचं डोकं इतकं तरबेज झालं की दोन टोल्यांनंतर तिसरा येतो का यासाठी तो एक श्वास थांबे, आणि नाही आला की हात आपोआप वर जाई. आठ महिन्यांनी त्यानं तिच्याशी लग्न केलं. लग्नाच्या फोटोत त्याच्या कपाळावरची खोक तिच्या दागिन्यांपेक्षा उठून दिसते.

या गाडीला सगळे लांबडी म्हणत. डोंगरावरच्या खाणींपासून खाली बंदरापर्यंत सव्वीस तासांचा प्रवास आणि सतरा डबे. शेपटीकडचा माणूस स्टेशनात शिरे, तेव्हा तोंडाकडच्या माणसाचा चहा पिऊन झालेला असे. खाणवाले, खलाशी, बाळंतपणाला निघालेल्या बायका, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊ-भाऊ, सगळे एकाच गाडीत, आणि खिडक्या मात्र मोजक्या. त्यामुळे लांबडीत मारामारी ही प्रवासाचाच एक भाग धरली जाई. गार्डच्या डब्यात इजांची वही असे. तिच्यातली भाषा थेट होती. "चावा. कान, उजवा. कारण, खिडकी." "दात, दोन. कारण, झोपेत घोरणे." "नाक. कारण विचारले असता सांगत नाहीत. मेहुणे-मेहुणे असावेत."

आणि या सगळ्यावर राज्य आक्काचं. वयानं मोठी माणसंही तिला आक्काच म्हणत. भांडण पेटलं की माणसं साखळी ओढत नसत, आक्काला बोलावत. ती यायची, पदर खोचायची आणि ट्रे फिरवायची. न्यायनिवाडा नंतर. आधी दोघांनाही सारखंच.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एका दुपारी, घाटाच्या चढावर गाडी पायी चालल्यासारखी चालली असताना, तिघं जण कोयते घेऊन डायनिंग कारमध्ये चढले. एका खाणवाल्यानं कोयत्याचं पातं हातानं अडवलं, तर त्याची चार बोटं टेबलक्लॉथवर पडली. लोक टेबलांखाली शिरले. आक्कानं ट्रेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शेगडीवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि पुढच्याच्या तोंडावर ओतलं. दोघांनी गाडीतून उड्या टाकल्या. तिसरा खाली बसून ओरडत होता, आणि तोंडावरून हात काढला की हाताबरोबर कातडी येत होती. गार्ड तेव्हा दारात पोचला होता. तो वास त्याच्या नाकातून पुढं वर्षभर गेला नाही. आक्का मात्र आपला ॲप्रन टराटरा फाडून थंड पाण्यात बुडवून त्या माणसाच्या तोंडावर ठेवत होती, आणि तोंडानं एकसारख्या शिव्या देत होती. "हलू नकोस, मुडद्या! आई आहे का तुला? पत्ता सांग तिचा. पत्ता सांग म्हणते ना!" पुढच्या स्टेशनवरून तिनं त्या आईला तार केली.

या आक्काचा एक धाकटा भाऊ होता. त्याला सगळे धाकटाच म्हणत. तो तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, डायनिंग कारमध्ये टेबलं सांभाळी. हालत्या गाडीत सहा कप एका हातावर घेऊन पळे आणि थेंब सांडत नसे. पण तोंड फार. बहिणीला उत्तरं देण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्यामुळे दिवसाला सरासरी दोन वेळा ट्रे त्याच्या डोक्याला लागे. "भावोजी," तो गार्डला म्हणे, "तुम्हाला एकदाच बसला, तर तुम्ही लग्न केलंत. मी काय करू, सांगा!"

मग डोंगर पोखरून रस्ता झाला. रस्त्यावर बस आली, आणि बस बंदराला अकरा तासांत पोचू लागली.

लांबडी एकदम मेली नाही. तिला जेवायला कमी घालत घालत मारलं. सतराचे अकरा डबे झाले, अकराचे सात. पंखे दुरुस्तीला म्हणून काढून नेले आणि ते परत यायची वाट बघत त्यांच्या तारा लोंबत राहिल्या. खिडकीची काच फुटली की तिथं फळी ठोकली जाई, त्यामुळे जिच्यासाठी लोकांनी एकमेकांचे कान चावले त्या खिडकीत आता बसून फळीच बघायची. वेळापत्रक असं बदललं की गाडी बंदराला पोचे आणि बोट नुकतीच सुटलेली दिसे. गार्डच्या डब्यातला ब्रेकचा दांडा खिळखिळा झाला होता. गार्डनं सात तक्रारी लिहिल्या. सातही तक्रारी मिळाल्याचं उत्तर आलं. शेवटी इंजिन, तीन डबे आणि अर्धी डायनिंग कार एवढं उरलं. उरलेल्या अर्ध्यात गार्ड. तरी लोक तिला लांबडीच म्हणत, जसं टक्कल पडल्यावरही एखाद्याला कुरळ्या म्हणतात.

डायनिंग कार अर्धी झाली त्याच आठवड्यात धाकट्यानं ॲप्रन काढून ठेवला आणि तो बसवर गेला. आधी ड्रायव्हर, मग एका बसचा मालक, मग चार बसचा.

"ताई, तूही ये," तो सांगायला आला होता. "वाटेत आमची गाडी जेवायला थांबते. ते हॉटेल तू बघ. तिथली फरशी हलत नाही."

"मी आणि हलत नाही त्या फरशीवर?" आक्का म्हणाली. "चक्कर येईल मला." आणि किटली फेकली. रिकामी होती. तेव्हा अजून प्रेम होतं.

ते संपलं ते जंक्शनसमोर बसचा थांबा आला तेव्हा. बसवाले "बंदर, बंदर, बंदर!" ओरडत प्रवाशाची बॅग एका बाजूनं ओढत, स्टेशनचे हमाल दुसऱ्या बाजूनं, आणि मधला प्रवासी दोन्हीकडून ताणला जाई. रोज शर्ट फाटत. एका सकाळी दहाच्या सुमाराला शर्टावर भागलं नाही. धाकट्याच्या एका ड्रायव्हरनं जॅकचा दांडा काढला आणि सगळ्यांत म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यात घातला. आक्काच्या बापाचा हात शिजला तेव्हा त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात पळाला होता, तोच हा हमाल. मग दगड सुरू झाले. बसच्या काचा गेल्या, हमालांची डोकी गेली. एक दगड आक्काच्या डाव्या कानावर बसला आणि तो कान कायमचा गेला. गार्डनं त्या दिवशी इजांची वही उघडली, एकवीस नावं लिहिली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते न सुचून ती मिटली.

म्हातारा हमाल पाचव्या दिवशी मेला. धाकटा दवाखान्यात संत्री घेऊन आला होता. आक्कानं त्याला जिन्यावरून खाली ढकललं. गळ्याजवळचं हाड मोडलं. संत्री त्याच्या आधी खाली पोचली.

त्यानंतर सहा वर्षं बहीण-भाऊ बोलले नाहीत.

मग वरच्या ऑफिसातून पत्र आलं. लांबडी बंद करायची की ठेवायची, हे एका दिवसाच्या मोजणीवर ठरणार होतं. जंक्शनपासून पुढच्या स्टेशनपर्यंत, चालत्या गाडीत, साहेब स्वतः डोकी मोजतील. शंभर भरली तर गाडी राहील. नव्व्याण्णव झाली तर महिनाअखेर बंद.

तेव्हा रोजचे प्रवासी होते आठ-दहा. गार्डनं पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. आक्कानं ते उजवा कान पुढं करून ऐकलं आणि चप्पल घातली.

पंधरा दिवस ती दारोदार फिरली. ती कशी विनवण्या करत फिरली, हे सांगायला हवं, पण ती विनवण्या करतच नव्हती. "तुझा जन्म या गाडीत झालाय, नाळ मी कापलीय, त्या दिवशी दिसला नाहीस तर ती परत बांधीन," असं एका शिक्षकाला. "तुमच्या नवऱ्याचा दात मी पाडला होता, त्याला घेऊन या, दुसरा शाबूत हवा असेल तर," असं एका बाईला. मोजणीच्या दिवशी लांबडी जंक्शनवर आली तेव्हा तिच्यात एकशे त्रेचाळीस माणसं होती. गार्डनं तीन वेळा मोजली आणि तिसऱ्या वेळी त्याचे डोळे भरले.

जंक्शनवर पंचवीस मिनिटांचा थांबा. भर दुपार. पंखे नसलेले, फळ्या ठोकलेले ते डबे भट्टीसारखे तापले होते. सगळी वरात खाली उतरली आणि प्लॅटफॉर्मच्या पार टोकाला नळावर आणि छपराच्या सावलीत पांगली. मोजणीवाले साहेब हातात टिकटिक करणारं मोजणीयंत्र घेऊन पहिल्या डब्यात चढून बसले. उभ्या गाडीत ते मोजत नसत. नियम म्हणजे नियम.

धाकटा आला तो रुळांच्या बाजूनं, गार्डला न दिसता. डायनिंग कारमध्ये जे बोलणं झालं ते गार्डला नंतर धाकट्यानंच सांगितलं.

आक्का पाणी ओतत होती.

"ताई."

ती वळली नाही. धाकटा डाव्या कानाच्या बाजूला उभा आहे हे लक्षात येऊन दुसरीकडे गेला. "ताई, गर्दी छान जमवलीस. जिवंत माणसं आहेत की भाड्यानं आणलीस?"

"बाहेर हो."

"होतो. पण या खटाऱ्यात तू मरशील गं. बाबांचा हात गेला, तुझा कान गेला. अजून काय द्यायचंय हिला?"

"हिनं नाही घेतला माझा कान. तुझ्या माणसांनी घेतला." आक्कानं पातेलं खाली ठेवलं. "आणि हमालाचं नाव काढू नकोस. तुझ्या तोंडून नको."

"म्हातारा तसाही किती दिवस..."

ठण्ण! ठण्ण!

एकतीस वर्षांचा सगळा जोर त्या दोन टोल्यांत होता. धाकट्याचं कपाळ केसांपासून भुवईपर्यंत उघडलं. तो गुडघ्यांवर आला आणि आडवा झाला. तिसऱ्यासाठी उचललेला ट्रे वरच राहिला, कारण मारायला समोर डोकंच उरलं नव्हतं.

गार्ड आपल्या डब्याच्या दारात, प्लॅटफॉर्मकडे पाठ करून, पत्र्याच्या मगातलं पाणी पीत होता. टोले ऐकले. दोन. त्यानं एक श्वास वाट पाहिली. तिसरा आला नाही. शिट्टी तोंडात गेली, हिरवी झेंडी वर गेली. डोक्याला कुणी विचारलंच नाही. ड्रायव्हरलाही तीच सवय. गाडी हलली.

लांबडीच्या रोजच्या प्रवाशांना टोले माहीत होते. टोले पडताच ते सवयीनं पळत येऊन चढले. बाकीचे वीस-वीस वर्षं गाडीत न बसलेले. त्यांना टोल्यांचं काय! ते नळावर तोंडं धूत होते. गार्ड वळला तेव्हा त्याला दिसलं ते हे: एकशे तीसच्या वर माणसं ओल्या तोंडांनी धावताहेत, शिक्षक पुढं आहे, आणि प्लॅटफॉर्म संपतोय.

त्यानं ब्रेकचा दांडा ओढला. दांडा निघून त्याच्या हातात आला.

डब्यांतल्या साखळ्या पंख्यांबरोबरच काढून नेलेल्या. आता एकच उपाय होता, लाल झेंडी घेऊन तीन डब्यांतून पळत ड्रायव्हरपर्यंत जायचं. दांडा एका हातात, झेंड्या दुसऱ्या हातात, असा तो डायनिंग कारमध्ये घुसला आणि थांबला. आक्का फरशीवर बसली होती. मांडीवर धाकट्याचं डोकं. दोन्ही तळहातांनी कपाळ दाबून धरलेलं, आणि तिच्या बोटांमधून रक्त येतच होतं, कोपरावरून गळत फरशीवर पसरत होतं.

"आक्का, गाडी सुटली! माणसं खाली राहिली!"

"कळतंय मला. या इकडे, धरा हे."

"अगं, ड्रायव्हरला सांगतो, मग..."

"अहो, मरेल हा!" ती ओरडली. एकतीस वर्षांत तिचा असा आवाज गार्डनं ऐकला नव्हता. "ती द्या इकडे." तिनं त्याच्या हातातली लाल झेंडी हिसकावली, काठी दातांनी उपटून काढली आणि कापड धाकट्याच्या डोक्याला करकचून बांधलं. "हलू नकोस, मुडद्या. हलू नकोस, सांगते ना." गार्ड खाली बसला. त्यानं दोन्ही हातांनी मेहुण्याचं डोकं धरलं. हिरवी झेंडी जवळच पडली होती. तिचा काही उपयोग नव्हता.

गाडी चढाला लागली. त्या चढावर इंजिन एकदा थांबलं की परत निघत नसे, त्यामुळे आता काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तेवढ्यात दार उघडून मोजणीवाले साहेब आले. यंत्राकडे बघून म्हणाले, "अकरा झाले. तुम्ही दोघं कर्मचारी, तुम्हाला धरता येत नाही." मग त्यांनी फरशीवरच्या माणसाकडे पाहिलं. "हे प्रवासी आहेत का? तिकीट आहे?"

लाल झेंडीखालून धाकट्यानं एक डोळा उघडला. "नाही, साहेब," तो म्हणाला. "मी बसवाला."

साहेबांनी यंत्र खिशात टाकलं.

पुढच्या स्टेशनवर दवाखान्यात चौदा टाके पडले. आक्का बाहेर बाकावर बसली होती, पोलादी चेहरा करून, साडीवर वाळलेलं रक्त. गार्ड आत पलंगाशी बसला होता. सुईची नक्षी कपाळावर घेऊन पडलेला धाकटा हळूच म्हणाला, "भावोजी, एक सांगू? मी मोजत होतो."

"काय मोजत होतास?"

"टोले. दुसरा बसला आणि मी खाली पडलो. उभा राहू शकलो असतो मी. पण तिनं तिसरा घातला असता, तर तुम्ही गाडी सोडली नसती." त्यानं टाक्यांना बोट लावून पाहिलं. "एवढा जोरात मारील असं मात्र वाटलं नव्हतं."

गार्डनं मूठ वळली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाला तरी मारावंसं वाटलं, आणि जागा कपाळावर तयारच होती. मग त्यानं मूठ सोडली आणि ते बोलणं जसंच्या तसं बाहेर येऊन आक्काला सांगितलं.

आक्का तशीच उठली, आत गेली आणि भावाच्या न फुटलेल्या गालावर एक सणसणीत वाजवली. मग त्याच पलंगाच्या कडेवर बसून म्हणाली, "संत्रं सोलून देऊ का?"

लांबडी त्या महिन्याच्या एकतीस तारखेला बंद झाली. ट्रे आता घरी आहे, पण घरच्या ओट्यावर मावत नाही म्हणून वापरात नाही. तो कपाटामागे आहे. गार्ड आणि आक्का आता मुलीकडे बंदराला जातात ते धाकट्याच्या बसनं. बस अकरा तासांत पोचते.